नळाला बांधलेलं फडकं

आमच्या घरात केर टाकत नसत. शाळेतल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या नाक मुरडायच्या, आणि मग मला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागायचं. माझे वडील, नाना, गलाईवाले. आमच्या खानापूर तालुक्यात पाऊस नाही, पीक नाही, म्हणून माणसं देशभर पांगली आणि सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पडली. नाना तसेच दिल्लीला, करोल बागेत आले. सोनाराच्या दुकानात कापताना, घासताना सोन्याचा जो भुगा उडतो तो जमिनीवर पडतो, पायपुसण्यात जातो, हात धुतलेल्या पाण्यात जातो. सोनार ते सगळं झाडून, साठवून आमच्याकडे आणून द्यायचे. नाना तो केर जाळायचे, कुटायचे, चाळायचे, परातीत पाणी घालून तासन् तास गोल हलवत धुवायचे आणि शेवटी मुशीत आटवून मोहरीएवढं का होईना, सोनं काढायचे. गिऱ्हाईक अधीर झालं की त्यांचं वाक्य ठरलेलं, "भाईसाब, सोना खोता नहीं है, कचरे में होता है." माझं कानातलं हरवलं तेव्हा तेच मराठीत ऐकायला मिळालं. सोनं हरवत नाही सुमे, केरात असतं. सापडलंही ते, तिसऱ्या दिवशी, सुपलीत.

दुकान खाली, घर वर, दोन खोल्या. भट्टीच्या पंख्याची घरघर दिवसभर पायाखालून ऐकू यायची आणि तेजाबाचा वास जिन्याने वर यायचा. माझ्या वेणीलासुद्धा तो वास होता, कॉलेजात मुली बाकावर जरा सरकून बसायच्या. मोरीतल्या नळाला सकाळ-संध्याकाळ पाणी यायचं. यायच्या आधी नळ म्हाताऱ्यासारखा दोनदा खोकायचा, की आई हातातली भाकरी तव्यावर टाकून बादली लावायला पळायची. आई कमी बोलायची, पण तिचा डोळा नानांपेक्षा पक्का. सोन्याची लगड हातात न घेता, नुसती दुरून बघून ती सांगायची, यात तांबं जास्त आहे, यात चांदी आहे. नाना मग कसोटीवर घासून बघायचे आणि मान हलवायचे. आणि नाना म्हणजे कसाला इतके चोख की अख्ख्या गल्लीत त्यांच्या शब्दाला दुसरा दगड लावत नसत. दुसऱ्याच्या सोन्यात एक कण इकडेतिकडे झाला तर त्या माणसाला जेवण जायचं नाही.

विलासदादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याने लहानपणीच जाहीर केलं होतं की मी केर धुणार नाही. नाना रागावले नाहीत, त्यांची बोटं तेजाबाने काळी पडली होती, त्यांनाही ते नको होतं. दादाने ओव्हरसियरचा डिप्लोमा केला आणि त्याला नोकरी लागली ती थेट पहाडात, पुढे यमुनेला मिळणाऱ्या टोन्स नावाच्या नदीवर. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत लोखंडी दोर ओढलेला, दोराला टांगलेला पाळणा. त्या पाळण्यात बसून नदीच्या मधोमध जायचं, पाण्यात यंत्र सोडायचं आणि पाणी किती, वेग किती ते वहीत लिहायचं. आईला हे ऐकूनच घाम फुटला. "यात शिकलेल्या माणसाचं काय काम?" ती म्हणाली. दादा हसला. "आई, मोजल्याशिवाय कळणार कसं? नाना नाही मोजत?"

तो निघायच्या आधी घरात दोन गोष्टी झाल्या. नानांनी त्याच्यासाठी अंगठी केली, स्वतः आटवलेल्या सोन्याची. शुद्ध सोनं बोटात टिकत नाही, वाकतं, म्हणून त्यात थोडं तांबं घालतात. आई भट्टीपाशी उभी राहून म्हणाली, "आणखी घाला. पोरगं दगडाधोंड्यात हात घालणार." नाना म्हणाले, "लाल दिसेल." "दिसू दे." तर ती अंगठी तांबूस झाली, आणि दादा आईला चिडवत राहिला की तू मला तांब्याची अंगठी दिलीस. दुसरी गोष्ट म्हणजे आईने यमुनेची ओटी भरली. आमच्या गावची नदी वर्षातून महिनाभर वाहायची, पण वाहायला लागली की बायका खण-नारळ घेऊन जायच्या. आई कश्मीरी गेटच्या मागच्या घाटावर गेली, खण, नारळ, हिरव्या बांगड्या, तांदूळ सोडले आणि मोठ्याने, अगदी शेजारणीशी बोलावं तसं म्हणाली, "बाई, माझा पोरगा तुझ्या माहेरी चाललाय. तुझ्या माणसांना सांग, सांभाळा म्हणून." मला कॉलेजातल्या कुणी पाहिलं तर काय, या विचाराने मी चार हात लांब उभी होते. त्या चार हातांचं मला आजही वाईट वाटतं.

दादा वर्षातून दोनदा यायचा. एकदा त्याने पोत्यात काहीतरी आणलं आणि आईपुढे ओतलं. हुलगे. आमच्या दुष्काळी माळावरचं धान्य, दिल्लीत कुणाला नावही ठाऊक नव्हतं, आणि हा म्हणतोय की पहाडात शेताशेतांत हेच लावतात, त्याला गहत म्हणतात. आईने मूठभर हातात घेतले, वास घेतला आणि तिचा चेहरा असा उजळला की बस्स. त्या दिवशी हुलग्याचं माडगं झालं, कांदा-लसणाच्या चटणीचं कोरड्यास झालं. आई म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखीच माणसं आहेत तिथं." त्या दिवसापासून तिची पहाडाबद्दलची भीती गेली. दादाने भिंतीवर हाताने काढलेला नकाशा लावला. टोन्स, तिला मिळणाऱ्या रुपीन, सुपीन, पब्बर, त्यांना मिळणारे शंभर ओढे, सगळं मिळून पिंपळाच्या पानाच्या शिरांसारखं दिसायचं. "या पानावर कुठेही थेंब पडला," तो म्हणायचा, "की त्याला देठाशी यावंच लागतं. टोन्समध्ये पाणी यमुनेपेक्षा जास्त, पण दोघी भेटल्यावर नाव मात्र यमुनेचं. लग्न झालेल्या बाईसारखं." नकाशाच्या तळाशी त्याने एक आडवी रेघ मारली होती, हरियाणातला बंधारा. तिथून एक फाटा कालव्याचा, पानिपतच्या बाजूने दिल्लीला. "पावसाळा सोडला तर नदीत काही राहतच नाही. आमचं सगळं पाणी कालव्याने येतं, ते थेट तुमच्या नळाला. मी वर पाय धुतो आणि इथे तू ते पितेस." मी त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. आई तेव्हा खाली नानांना चहा द्यायला गेली होती. तिने हे ऐकलंच नाही.

आता मी मयूर विहारात राहते. फ्लॅट घेताना मी एकच गोष्ट विचारली होती, नळाला पाणी कोणत्या नदीचं येतं. आमच्या मिस्टरांना वाटलं मी प्रेशरचं विचारतेय. इथे गंगेचं येतं, असं सोसायटीच्या सेक्रेटरीने सांगितलं, आणि मी म्हटलं, चला, घेऊया.

आम्ही करोल बागेत होतो तेव्हाची गोष्ट, चैत्र होता. वर बर्फ वितळायला लागलं की चैत्रात टोन्सला जोर चढतो, हे दादानेच सांगितलेलं. पाडव्याची गुढी उतरवून चारच दिवस झाले होते, साखरेची गाठी अजून खिळ्याला लटकत होती, आणि तार आली. पाळण्याची कडी निसटली. नाना त्याच दुपारच्या बसने गेले आणि आठ दिवसांनी परत आले, दादाची पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत कपडे, मोजपट्ट्या आणि आईसाठी घेऊन ठेवलेली हुलग्यांची पिशवी. देह मिळाला नव्हता. नानांनी चार दिवस खालच्या गावापर्यंत काठ धुंडाळला होता. गावातले लोक त्यांच्याबरोबर चालले, त्यांना जेवू घातलं, आणि पाचव्या दिवशी त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्याने हात जोडून सांगितलं की आता घरी जा.

गुरुजी म्हणाले, देह नसेल तर दर्भाचा पुतळा करून विधी करतात. आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "गवताचा पोरगा मला जाळायचा नाही." पुढे कुणाचं काही चाललं नाही. दिवस झाले नाहीत, पिंड पडले नाहीत. दादाचं ताट रोज मांडलं जायचं आणि नाना त्याच्याकडे न बघता जेवायचे. दुसऱ्याच आठवड्यात आईने सकाळी पिशवी उचलली आणि म्हणाली, "नदी वरचं सगळं खाली आणते. विलासच म्हणायचा. थेंबाला देठाशी यावंच लागतं." आणि ती घाटावर गेली. तिला एकटीला सोडवेना म्हणून रोज मी बरोबर. घाटावर एक म्हातारा मल्लाह, म्हणजे नावाडी, होता, बुडालेली माणसं काढायचा. आईने त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत दादाची उंची सांगितली, अंगठी सांगितली. त्या भल्या माणसाला काय बोलावं सुचलं नसणार. तो म्हणाला, "जमना जी सब लौटा देती हैं, माताजी." झालं. त्या एका वाक्यावर आईने चैत्र, वैशाख आणि अर्धा ज्येष्ठ काढला.

मला माहीत होतं. रोज माहीत होतं. समोर जे वाहत होतं ते काळं, गुडघाभर, शहराच्या नाल्यांचं पाणी होतं. दादाची नदी बंधाऱ्यावरच वळवली होती, आणि आई उन्हात पदर डोक्यावर घेऊन भलत्याच पाण्याकडे डोळे लावून बसली होती. मी गप्प राहिले. मला वाटायचं, आज थकेल, उद्या थकेल. मग ज्येष्ठात एका सकाळी, लूचा गरम वारा सुटला होता, आई पायरीवरून उठायला गेली आणि कोसळली. मी घरून आणलेली बाटली तिच्या तोंडावर रिकामी केली. डोळे उघडल्यावर तिचा पहिला प्रश्न, "मल्लाहाला विचारलंस?" माझं डोकं फिरलं. राग तिचा नव्हता, कुणाचा होता मला आजही सांगता येत नाही, पण निघाला तिच्यावर. "आई, ही दादाची नदी नाहीये. हे गटार आहे. त्याचं पाणी इथे येतच नाही, तू काय बसलीयेस इथे?"

आईने पदराने तोंडावरचं पाणी पुसलं. मग अगदी साधेपणाने तिने विचारलं, "मग तिचं पाणी जातं कुठं?"

तिथे तरी मी थांबायला हवं होतं. माहीत नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "कालव्याने जातं. आपल्या नळाला. आत्ता तुझ्या तोंडावर मारलं ना, तेच."

आईने ओला पदर हातात धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. मग ती उठली आणि बसस्टॉपकडे चालायला लागली. घाटावर ती पुन्हा कधी गेली नाही. संध्याकाळी मी नानांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "येताना पानिपतजवळ कालवा दिसला होता मला. बसमधून. मी नाही बोललो तिला." एवढंच म्हणून ते खाली गेले.

त्या दिवसापासून घरातलं पाणी अवघड झालं. आईने नळाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलं. पाणी वाया घालवू देईना, भांडी घासलेलं पाणीसुद्धा कुंडीत. स्वतः ती नळाचं पाणी पिईना, समोरच्या गल्लीतल्या हापशाचं खारट पाणी आणून प्यायची. आणि नानांना तिने सांगितलं, "या पाण्यात लोकांचा केर धुवायचा नाही." नानांनी वाद घातला नाही. हापशावरून बादल्या वाहायला लागले, पण धुण्याला पाणी लागतं ढीगभर, काम निम्म्यावर आलं. पावसाळा लागला आणि नळाला गढूळ पाणी यायला लागलं. फडक्यात बारीक करडी माती साठायची. आई रोज संध्याकाळी फडकं सोडायची, ती माती उन्हात वाळवायची आणि डब्यात भरून ठेवायची. मातीत अभ्रक चमकायचं. ती बोटाने ते दाबून दाबून बघायची. मी तिला काय म्हणणार होते? बोलून एकदा पाहिलं होतं.

भाद्रपदात पितृपक्ष तोंडावर आला. नानांना पोराच्या नावाने घास ठेवायचा होता, आणि दिवसच केले नसतील तर घास कसा ठेवणार? त्यांनी एका रविवारी जेवणं झाल्यावर विषय काढला. "त्याला असं मधेच लटकवून ठेवू नकोस गं," ते म्हणाले. नानांचा आवाज असा मी पूर्वी ऐकला नव्हता. आई उठली आणि डबा त्यांच्यापुढे ठेवला.

"धुवा," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्हीच म्हणता ना, सोनं हरवत नाही. केरात असतं. अंगठी होती त्याच्या बोटात. दगडांवर झिजली असेल, कण तरी आला असेल. धुवा, आणि नाही निघालं तर मला पुन्हा विचारू नका."

आता ही काय मागणी होती, ते गलाईवाल्याच्या बायकोला कळत नव्हतं असं नाही. शंभर मैल डोंगर, बंधारा, कालवा, टाक्या, आणि त्यातून अंगठीचा कण आमच्याच फडक्यात. पण नानांनी नाही म्हटलं नाही. दुपारभर ते खाली परात घेऊन बसले. वरून मला परातीचा आवाज ऐकू येत होता, सुर्र सुर्र, तोच लहानपणापासूनचा. एकदा तो थांबला आणि थोड्या वेळाने भट्टीचा पंखा घरघरला. संध्याकाळी त्यांनी आईला हाक मारली. मीही गेले. परातीच्या तळाशी अभ्रकाची काळी रेती होती आणि तिच्या कडेला, बाजरीच्या दाण्याहून लहान, एक पिवळा कण.

"निघालं," नाना म्हणाले.

आई वाकली. तिने कण बोटाच्या टोकावर घेतला, दाराशी उजेडात नेला आणि बघत उभी राहिली. नाना तिच्याकडे बघत होते, मी नानांकडे. मग आई म्हणाली, "गुरुजींना निरोप द्या." तेराव्याचं जेवण तिने स्वतः रांधलं, पहाडातले हुलगे शिजवले. पितृपक्षात दादाच्या नावाने घास ठेवला गेला आणि गच्चीवर कावळा लगेच शिवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ खोकला तेव्हा आईने फडकं सोडून बाजूला ठेवलं, बादली भरली, स्वतः जिना उतरून नानांच्या परातीशी नेऊन ठेवली आणि म्हणाली, "घ्या, कामाला लागा." नाना तोंड फिरवून भट्टीत कोळसे घालत राहिले.

हे सगळं होऊन माझं लग्न झालं, मुलं झाली, नाना म्हातारे झाले. इतकी वर्षं मला वाटायचं की त्या दिवशी नानांनी जे केलं ते फक्त मला कळलं. माझ्या चुकीवर त्यांनी मलम लावलं आणि आईचा भाबडेपणा तिला तारून गेला, असं मी समजत होते. आई तो कण मंगळसूत्राच्या वाटीत लाखेने बसवून घालायची. नाना गेले, त्यांचं तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी मयूर विहारच्या घरात बाल्कनीत बसलेलो असताना आईने कमरेची पुरचुंडी सोडली आणि तो कण माझ्या तळहातावर ठेवला.

"ठेव तुला," ती म्हणाली. "विलासचं नाही ते. तुझ्या बापाचं आहे."

मी तळहात उजेडात धरला. मग विचारलं, "कधी कळलं तुला?"

"परातीतच. विलासची अंगठी तांबूस होती, तांबं मीच जास्त घालायला लावलेलं. हे चोख आहे, बघ की. घाईत तांबं घालायचं राहून गेलं त्यांचं."

"मग बोलली का नाहीस तेव्हा?"

आई खाली रस्त्याकडे बघत होती. "जन्मभर कुणाच्या कणाला खोट लावली नाही त्या माणसानं. एकदाच लबाडी केली, ती पण माझ्यासाठी. आणि ती पण त्यांना धड जमली नाही." तिने माझी मूठ मिटली. "त्यांचा पण पोरगा गेला होता, सुमे. मी घाटावर जाऊन बसले. ते कुठं बसणार होते?"

आता आईही नाही. करोल बागेतल्या एका गलाईवाल्याकडे अजून जाणं होतं, लांबच्या नात्यातला आहे. मेट्रो नदीवरून जाते तेव्हा एखादी बाई बंद काचेतूनच हात जोडते. मी नाही जोडत. त्या गल्लीत पोचले की मी त्याच्याकडे पाणी मागते. तो बाटलीचं देऊ लागतो, मी म्हणते, नळाचं दे. "ताई, नलके का कोई नहीं पीता अब," तो म्हणतो. मी ग्लास धरून बसते. एकदाही मला पूर्ण पिता आलेलं नाही.